मुजिबच्या वळणावरचा डोळा

१

फोटोत मुलगी अर्धीच होती.

एक डोळा, एक गाल, डोक्यावरून जराशी घसरलेली ओढणी, आणि कपाळ शेजारच्या माणसाच्या खांद्यावर टेकलेलं. फोटो उंचावरून काढलेला, मोटारीच्या पुढच्या काचेतून आरपार, राखाडी रंगाचा. असे फोटो माणसं काढत नाहीत. गाडी वेगाची मर्यादा ओलांडते तेव्हा रस्त्याकडेच्या खांबावरचा कॅमेरा ते काढतो.

रविवारी सकाळी हा फोटो धिबान गावातल्या अबू शिहाबच्या फोनवर येऊन पडला. खाली एक अक्षर नाही. दुपारपर्यंत तो निम्म्या गावाने पाहिला, आणि अर्धी मुलगी सगळ्यांनी ओळखली. अबू शिहाबची रनाद, औषधाच्या दुकानातली. शेजारचा पुरुष मात्र कुणाच्याच ओळखीचा निघाला नाही.

येत्या शुक्रवारी करकहून जाहा यायची होती. सख्र नावाच्या मुलासाठी रनादला मागणी घालायला तिकडची वडीलधारी मंडळी निघणार, त्यांच्या पुढे सख्रचा चुलता अबू मुतलक. आता मंडळी म्हणत होती, कशाला जायचं? एकटा अबू मुतलक अडून बसला होता. पुतण्यांनी फोन पुढे केला तर त्याने तोंड फिरवलं. "लोकांच्या लेकीचा फोटो माझ्यासमोर धरू नका," तो म्हणाला. "गुरुवारपर्यंत खुलासा येऊ दे. नाही आला, तर माझ्या मागे कुणी उभं राहणार नाही, हे मलाही कळतं."

मंगळवारी अम्मानहून सुहैर हद्दादीन आली. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांनी कायदा पाळावा म्हणून राजधानीत एक नवं कार्यालय उघडलं होतं, त्याची ही तपासनीस; सगळे तिला मानाने उस्ताझा म्हणत. कॅमेरे लोकांवर लक्ष ठेवतात, आम्ही कॅमेऱ्यांवर, आणि आमच्यावर आमच्या सासवा, असं ती सांगायची. तक्रार रनादने स्वतःच केली होती.

"हा फोटो मुजिबच्या वळणावरचा आहे," रनाद दुकानाच्या काउंटरमागून म्हणाली. "तिथे एकदा लखकन उजेड पडलेला मला आठवतो. तो बाहेर कुणी काढला, एवढं शोधा, उस्ताझा."

"शोधते. गाडीचा नंबर सांग, तारीख सांग. शेजारी कोण आहे ते सांग."

"ते सोडून काहीही विचारा."

"पोरी, ते एक सांगितलंस तर बाकीचं सगळं मिटेल."

"मला माहीत आहे." रनादने गोळ्यांचं पाकीट उगाच सरळ केलं. "वडील तीन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. भाऊ दारात बसून असतो. तरी नाही."

सुहैरने फोटो डोळ्यांजवळ धरला. तिशीचा माणूस, भर जुलैत डोक्यावर लोकरीची टोपी. तो हसत होता. त्याच्या चेहऱ्यात काहीतरी कमी होतं, पण काय ते तिला सांगता येईना. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग फोन बंद करून उठली.

२

कॅमेऱ्यांची खोली गार होती आणि स्वच्छ होती. तिथला मुख्य होता इंजिनीयर मुअतसिम, कंपनीचा माणूस, इस्त्रीच्या घडीसारखं बोलणारा. दुसरी हनादी, पडद्यांसमोर बसणारी. हनादीच्या भावाने वर्षापूर्वी रनादला मागणी घातली होती आणि रनादने नकार दिला होता, हे सुहैरला गावात शिरताच चौघींनी सांगितलं होतं.

"आधीच सांगते," हनादी म्हणाली. "भाऊ माझा गेलं वर्षभर तोंड पाडून बसलाय, रनाद मला आवडत नाही, आणि फोटो मी बाहेर काढलेला नाही. आता विचारा."

"सगळं तूच सांगितलंस. मी काय विचारू?"

"या खोलीतून कुणी फोटो बाहेर काढला तर त्याची नोंद होते," मुअतसिम म्हणाला. "महिनाभरात माणसाच्या हाताने एकही बाहेर गेलेला नाही. ही बघा नोंद. नंबर द्या, तो फोटो डोळ्यांची पापणी लवायच्या आत काढून दाखवतो."

"नंबर नाही."

"मग एकेक करून बघावे लागतील."

आणि त्याने ते पडद्यावर सोडले. मुजिबच्या वळणावरचे, एकामागून एक. सुहैर खुर्चीत खिळून बसली. एक बाई बाळाला पाजत होती. एक म्हातारा तोंड वासून गात होता, शेजारच्या सीटवर त्याचं कोकरू पट्टा बांधून बसलं होतं. एक जोडपं कचाकचा भांडत होतं, नवऱ्याचा हात हवेत तसाच थांबलेला. एक सैनिक एकटाच गाडी चालवत रडत होता. कुणालाच माहीत नव्हतं की आपल्याला कुणी बघतंय. एवढी माणसं, एवढी आयुष्यं, त्या एका वळणावरून रोज जातात आणि तो डोळा ती सगळी ठेवून घेतो, हे तिला समोर दिसत होतं. देवाशिवाय एवढं कुणी पाहू नये, असं तिला वाटलं, आणि तिला बघवतही होतं, हे त्याहून वाईट वाटलं.

"बंद करा," ती म्हणाली.

"अजून पुष्कळ आहेत."

"म्हणूनच. एका मुलीची अब्रू राखायला मी हजार जणींच्या गाडीत डोकावू? बंद करा." ती उठली. "दंडाची नोटीस पाठवताना चेहऱ्यांवर काळी पट्टी टाकायची, असा नियम आहे. टाकता ना?"

"तशी सोय यंत्रात पहिल्या दिवसापासून आहे, उस्ताझा," मुअतसिम म्हणाला.

हनादी मान खाली घालून टेबलावरची नसलेली धूळ पुसायला लागली.

३

मुजिबची दरी पाहिली नाही असा माणूस धिबानमध्ये जन्मत नाही, आणि पाहून सवय झाली असाही नाही. जमीन चालता चालता एकदम संपते. खाली एवढी पोकळी की ढगाची सावली तिच्यात उतरून पलीकडे चढेपर्यंत चहा गार होतो. रस्ता तिच्यात नागमोडी उतरतो, आणि दुसऱ्या वळणावर तो खांब आहे. वरच्या कडेला वस्फीची चहाची टपरी.

हा वस्फी म्हणजे रनादचा सख्खा चुलतभाऊ. लहानपणापासून ती आपलीच असं धरून चाललेला. फोटो त्यानेच पसरवला, असं निम्मं गाव म्हणत होतं.

"आमच्यात म्हण आहे, उस्ताझा," त्याने मरमियाचं पान टाकलेला चहा पुढे केला. "चुलतभाऊ नवरीला घोडीवरून उतरवू शकतो. पण हल्लीच्या नवऱ्या घोडीवर कुठे बसतात? परक्याच्या पिकअपमध्ये बसतात."

"म्हणून तू खांबावर चढून फोटो काढलास?"

"मी? या गुडघ्यांनी?" तो हसला, मग हसू विझलं. "मला राग आहे तिचा. पण ती आमच्या घरची आहे. तिच्या तोंडाला काळं लागलं तर माझं पांढरं राहतं का?"

"मग हा कॅमेरा इथून उखडून टाकावा, असं वाटत असेल तुला."

"तेवढं करू नका." वस्फीने दरीकडे हात केला. "कॅमेरा नव्हता तेव्हा खाली गेलेल्या गाड्या मी वर ओढायला मदत केलीय. आता वर्ष झालं, एकही नाही. मेल्याने मलाही सोडलं नाही पण. हे बघा माझं ध्यान."

त्याने फोन पुढे केला. दंडाची नोटीस. फोटोत वस्फी, एका हातात चाक, दुसऱ्या हातात चहाचा पेला, तोंडात बिस्किट. चेहरा दात मोजावेत इतका स्पष्ट. काळ्या पट्टीचा पत्ता नव्हता.

"ही नोटीस तुला आली?"

"मला कशाला येईल? गाडी तफिलातल्या एका मेलेल्या माणसाच्या नावावर आहे. मुखत्यारपत्रावर घेतली. नावावर करून घ्यायला कचेरीत कोण मरायला जातो? नोटीस त्याच्या विधवेला जाते. ती मला पाठवते आणि वर दोन शिव्या हासडते."

सुहैर हसली. मग तिचं हसणं मध्येच थांबलं आणि ती दरीकडे बघत बसली.

"आणखी एक चहा दे," ती शेवटी म्हणाली. "आणि मला जरा एकटीला बसू दे."

तिने फोनवर रनादचा तो फोटो उघडला. तीन दिवस सगळ्यांनी या फोटोत मुलगी पाहिली होती. तिनेही. पण फोटो कापणाऱ्याने कुणाला पाहिलं होतं? मुलीला बदनाम करायचं असतं तर तिचा चेहरा मधोमध आला असता. इथे मधोमध होता तो टोपीवाला. मुलगी कडेला आली होती, अर्धी कापलेली, ताटाबाहेर सांडलेल्या भातासारखी. ज्याने फोटो कापला त्याला मुलीशी काही घेणंदेणंच नव्हतं. त्याला तो माणूस हवा होता.

आणि गाडी चालवणारा माणूस कोण, हा प्रश्न जगात कुणाला पडतो?

४

हा फोटो तुला कुणी पाठवला, असं विचारत सुहैर मागे मागे गेली. अबू शिहाबकडून शेजाऱ्याकडे, शेजाऱ्याकडून त्याच्या करकच्या मेहुणीकडे. माग जाऊन थांबला तो सख्रच्या घराण्यातल्या पुरुषांच्या फोन-गटाशी. तिथे सगळे मुके झाले. कुणी ताकास तूर लागू देईना.

मग बुधवारी तिने सरळ अबू मुतलकचं अंगण गाठलं. ताठ म्हातारा, लष्करातून निवृत्त झालेला, डोक्यावर लाल चौकड्यांचा शमाग. त्याने स्वतः कॉफी ओतली. अंगणात गाडी उभी करायचा मांडव होता, पण त्याखाली कोंबड्या नांदत होत्या.

"गटातल्या माणसांना बोलतं करा, अबू मुतलक. तुमचा शब्द कुणी मोडणार नाही."

"करतो. पण फोटो मला दाखवू नका."

"गाडी कुठे गेली तुमची?"

"पिकअप होती. विकली मागच्या वर्षी. गुडघे क्लच दाबू देईनात."

"घेणाऱ्याच्या नावावर केलीत?"

"मुखत्यारपत्र दिलं. त्याने पुढे आणखी कुणाला दिली. कुणाकडे आहे देव जाणे. दंड मात्र येतो माझ्याच फोनवर." म्हातारा चिडला. "गेल्या आठवड्यात आलाच एक. मी म्हटलं, हा हरामखोर कोण, धरून आणा त्याला. त्याचा चेहरा मोठा केला, तेवढाच कापला आणि पोरांच्या गटात टाकला. ओळखतो का कुणी, म्हणून. एकानेही उत्तर दिलं नाही."

सुहैरने फोन काढला, अर्ध्या चेहऱ्यावर अंगठा घट्ट दाबून धरला आणि उरलेला फोटो म्हाताऱ्यासमोर केला.

"मी म्हटलं ना, मला..." अबू मुतलक बोलता बोलता थांबला. "हा तर तोच. माझ्या पिकअपवाला. याचा फोटो तुमच्याकडे कसा?"

म्हाताऱ्याची नजर फोटोवरून तिच्या अंगठ्यावर आली आणि तिथेच थांबली. त्याचा हात हळूहळू खाली आला.

"अंगठ्याखाली कोण आहे?"

"तुम्ही पाहिलं नव्हतं?"

"शेजारी बाई होती एवढं दिसलं. परकी बाई." त्याने नजर अंगठ्यावरून वळवली. "मी तिच्याकडे कशाला बघू?"

आयुष्यभर परक्या बाईसमोर नजर खाली ठेवलेला हा माणूस. तीन दिवस त्या मुलीची बाजू घेऊन साऱ्या घराण्याशी भांडला, आणि तिच्या मानासाठी जो फोटो बघायला नाकारत होता तो त्यानेच पाठवलेला होता. कुणीतरी त्याचे शब्द गाळून फोटो पुढे ढकलला होता. तो तुम्हीच टाकलात, असं म्हाताऱ्याच्या तोंडावर सांगायची पुतण्यांची छाती झाली नव्हती. बघितला असता तर त्याने पहिल्याच दिवशी ओळखला असता. सभ्यपणानेच त्याला आंधळं केलं होतं.

"माझ्या हाताने," अबू मुतलक म्हणाला. त्याने शमाग पुढे ओढून तोंड झाकलं.

५

खोलीतल्या नोंदीत काहीच नव्हतं, कारण चोर नव्हताच. यंत्राने आपणहून नोटीस पाठवली होती, गाडी ज्याच्या नावावर त्याला. सुहैरने मुअतसिमला फोनवर एकच विचारलं, काळी पट्टी कधी बंद केली?

"हिवाळ्यात," तो म्हणाला. "लोक भांडायचे, हा मी नाहीच म्हणायचे. चेहरा दिसला की मुकाट्याने भरतात. कंपनीला आकडे लागतात, उस्ताझा."

"आकडे मला लेखी द्या. पट्टी चालू होईपर्यंत एकही नोटीस जाणार नाही. आणि हा हिशेब तुम्ही अम्मानला येऊन न्यायाधीशासमोर द्यायचा."

रहस्य उलगडलं होतं. तिने निघायला हवं होतं. पण ती औषधाच्या दुकानात गेली, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "त्याला भुवया नाहीत."

रनादच्या हातातली बाटली खाली ठेवली गेली.

"जुलैत लोकरीची टोपी. भुवया नाहीत, पापण्या नाहीत. माझ्या बहिणीचं असंच झालं होतं, त्या औषधांनी. कोण आहे ते मी विचारणार नाही. मला फक्त सांगायचं होतं की मला दिसलं. आणि मला दिसायला नको होतं."

रनाद खुर्चीवर बसली. इतके दिवस अडवून धरलेलं पाणी डोळ्यांतून आलं.

"साइल," ती म्हणाली. "माझा दूधभाऊ. मी जन्मले तेव्हा आई आजारी होती, शेजारच्या उम्म साइलने मला अंगावर पाजलं. नंतर ते अकबाला राहायला गेले. मी अम्मानला त्याच्याबरोबर इस्पितळात जाते. त्याच्या आईला माहीत नाही. तिचं हृदय नाजूक आहे, तो म्हणतो मी बरा झालो की सांगीन. नाही झालो तर..." तिने ओढणीने नाक पुसलं. "त्या दिवशी तो म्हणाला, मला लहानपणची दरी दाखव. एकदा जोरात खाली जायचंय. तो हसत होता. मला रडू आवरेना."

"दूधभाऊ म्हणजे सख्ख्यासारखा. एका शब्दाने तू सुटली असतीस."

"सुटले असते. मग सगळ्यांनी विचारलं असतं, कुठून येत होता? त्याचं असं का झालं? संध्याकाळपर्यंत अकबाला फोन गेला असता."

पोटच्या पोराचं जे आईला माहीत नव्हतं, ते त्या खांबाला माहीत होतं. आणि ते राखायला ही पोर सगळ्या गावाच्या नजरा झेलत उभी राहिली होती. मुजिबच्या काठावर उभं राहून वाटायचं तसंच सुहैरला या दुकानात वाटलं, औषधांच्या कपाटासमोर.

"गुपित त्याचं आहे," ती म्हणाली. "तू काय सोसतेयस हे त्याला माहीत आहे?"

"नाही."

"मग त्यालाच विचार. सगळ्यांना नको. एका माणसाला सांगू का, एवढंच."

साइल फोनवर आधी खूप चिडला. मग म्हणाला, "खालोला सांग. तुझ्या वडिलांना. आईला मात्र नाही."

संध्याकाळी रनाद वडिलांसमोर बसली. तिने फोटोतल्या स्वतःच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवला. अबू शिहाबने चार दिवस त्या फोटोत फक्त आपली लेक पाहिली होती. आता पहिल्यांदा त्याने दुसरा चेहरा पाहिला. बघता बघता त्याचा हात आपोआप स्वतःच्या भुवईकडे गेला.

"हा तर आमच्या अंगणातल्या अंजिरावर चढायचा," तो म्हणाला, आणि लेकीचं डोकं छातीशी धरलं.

६

शुक्रवारी जाहा आली. सारी मंडळी आली, अबू मुतलकच्या मागोमाग. पुरुष दिवाणखान्यात बसले, बायका आतल्या खोलीत, मधला दरवाजा किलकिला. सुहैर रनादशेजारी बसली होती.

कडू कॉफीचा पहिला पेला अबू मुतलकला दिला गेला. त्याने तो न पिता समोर ठेवला. यात नवल नव्हतं, मागणी मान्य होईपर्यंत कुणीच पीत नाही. मग त्याने बोलायला सुरुवात केली, आणि सगळे सावरून बसले, कारण तो मुलीचं नाव घेत नव्हता.

"मी या घरात मागायला आलो होतो. त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. तो फोटो माझ्या फोनवरून निघाला. गाडी माझ्या नावावर होती, आळसाने ठेवलेली. मी एका माणसाला शोधत होतो आणि तुमच्या लेकीला रस्त्यावर आणलं. मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं, पण हे कारण झालं, माफी नव्हे. तो माणूस कोण, असं मी गटातल्या सगळ्यांना विचारलं. तो प्रश्न मी आज परत घेतो. ज्याला अजून उत्तर हवं असेल त्याने माझ्यासमोर विचारावं."

कुणी हललं नाही. वस्फी कोपऱ्यात बसला होता, त्यानेही मान खाली घातली. सख्र उठून चुलत्याला म्हणाला, "मला उत्तर नको, अम्मो. मला मुलगी हवी."

"ही कॉफी मी मागणीसाठी अडवलेली नाही," अबू मुतलक म्हणाला. "ती मला माफ करेपर्यंत अडवली आहे."

सगळ्या नजरा अबू शिहाबकडे गेल्या. तो म्हणाला, "त्या फोटोत कोण आहे हे मला कळलंय. तो घरचा आहे. पुढचं माझ्याजवळ राहील. माफी तुम्ही जिच्याकडे मागायला हवी तिच्याकडेच मागितलीत. उत्तर तिचं ती देईल."

जाहात मुलीचा आवाज ऐकू येत नसतो. त्या दिवशी आला, किलकिल्या दारामागून, जरासा कापरा.

"प्या, अम्मो. गार होईल."

म्हाताऱ्याने पेला उचलला. तोंडाशी नेताना थोडी कॉफी शमागावर सांडली, आणि कुणी तिकडे पाहिलं नाही.

हिवाळ्यात एका सकाळी अम्मानच्या कार्यालयात सुहैरच्या फोनवर रनादने काही पाठवलं. दंडाची नोटीस होती. मुजिबचं तेच वळण, तीच पिकअप, आता साइलच्या नावावर. गाडीचा नंबर स्पष्ट होता, वेग स्पष्ट होता, मर्यादेपेक्षा बराच जास्त. काचेमागे दोन काळे चौकोन होते.

खाली रनादने लिहिलं होतं, "डॉक्टर म्हणाले, आता सहा महिन्यांनी या. अजून ऐकत नाही मेला, जोरात चालवतो."

सुहैरने ते दोन काळे चौकोन पुन्हा पुन्हा पाहिले. एका चौकोनात तो हसत असणार, हे जगात दोघांतिघांनाच माहीत होतं. तिने फोन उलटा ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.